दहावीतील रासायनिक अभिक्रिया कशा शिकाव्यात : परीक्षानळीपासून समीकरणापर्यंत

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात रासायनिक अभिक्रिया व समीकरणे हा पाठ सुरुवातीलाच येतो आणि बहुतेक विद्यार्थी तो उलट्या क्रमाने शिकतात. आधी समीकरण पाठ केले जाते, मग ते संयोगाचे की विस्थापनाचे हे पाठ केले जाते, आणि परीक्षानळीत प्रत्यक्ष काय दिसते याकडे शेवटी, वेळ उरला तर, लक्ष दिले जाते. अशा रीतीने शिकलेली समीकरणे मार्चच्या परीक्षेपर्यंत कशीबशी टिकतात, पण अकरावीच्या वर्गात बसल्यावर त्यांतले फारसे काही हाती उरत नाही. या लेखात सांगितलेला क्रम याच्या नेमका उलट आहे: आधी पाहावे, पाहिलेले साध्या शब्दांत लिहावे, त्यानंतर ते संज्ञांत मांडावे, मग संतुलित करावे आणि सर्वांत शेवटी त्या अभिक्रियेला प्रकाराचे नाव द्यावे. या क्रमाने शिकताना सुरुवातीला वेळ जास्त लागतो हे खरे, परंतु पुढे धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे या पाठांत तोच वेळ भरून निघतो.

पूर्वतयारी

पाठांतराला विरोध असला तरी काही गोष्टी पाठ असल्याशिवाय या पाठात पाऊल टाकता येत नाही, आणि त्या म्हणजे मूलद्रव्यांच्या संज्ञा, त्यांच्या संयुजा (इतर अणूंशी संयोग पावण्याची क्षमता) आणि नेहमी भेटणारी मूलके, म्हणजे विद्युतभारित अणू किंवा अणूंचे गट. सोडियम, पोटॅशियम, चांदी आणि अमोनियम यांची संयुजा १, मॅग्नेशियम, कॅल्शियम, जस्त आणि बेरियम यांची २, ॲल्युमिनिअमची ३, लोहाची २ किंवा ३ आणि तांब्याची १ किंवा २. दुसऱ्या बाजूला क्लोराइड, नायट्रेट, हायड्रॉक्साइड आणि बायकार्बोनेट यांची १, ऑक्साइड, सल्फेट आणि कार्बोनेट यांची २, फॉस्फेटची ३. एवढा तक्ता एका पानावर मावतो. तो स्वतःच्या हाताने लिहून काढावा आणि रोज त्यावरून पाच-सहा रेणुसूत्रे संयुजांच्या तिरकस गुणाकाराने तयार करावीत. रेणुसूत्र चुकले तर पुढचे समीकरण कितीही कौशल्याने संतुलित केले तरी ते चुकीचेच राहते, आणि परीक्षेत या पाठातील गुण कमी होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते, संतुलन नव्हे.

मोरचूद आणि लोखंडी खिळा: एक अभिक्रिया सावकाश पाहावी

पाठ्यपुस्तकातील सगळे प्रयोग प्रत्येक शाळेत होत नाहीत. तसे असले तरी एकच प्रयोग नीट, न घाई करता पाहिला तर संपूर्ण पाठाची किल्ली हाती येते. त्यासाठी कॉपर सल्फेट म्हणजे मोरचुदाचे द्रावण आणि लोखंडी खिळा यांच्याइतके चांगले साहित्य दुसरे नाही.

दोन परीक्षानळ्या घ्याव्यात आणि दोन्हींत मोरचुदाचे सारखेच, साधारण १० मिलिलिटर द्रावण घ्यावे. एकीत दोऱ्याला बांधलेला खिळा सोडावा आणि दुसरी तशीच ठेवावी. दुसऱ्या नळीला विद्यार्थी फालतू समजतात, परंतु निळा रंग किती फिकट झाला हे तुलनेसाठी मूळ रंग शेजारी असल्याशिवाय डोळ्याला कळत नाही. खिळा आधी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावा, कारण त्यावरील गंजाचा किंवा तेलाचा थर द्रावणाला लोखंडापर्यंत पोहोचू देत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला खिळा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर तो या प्रयोगाला चालत नाही. त्यावर काळसर, भुसभुशीत थर बसतो आणि द्रावण हिरवट न होता रंगहीन होऊ लागते, कारण तेथे लोखंड नव्हे तर जस्त तांब्याला बाहेर काढत असते आणि झिंक सल्फेटच्या द्रावणाला रंग नसतो.

काही मिनिटांतच खिळ्याच्या बुडालेल्या भागावर तांबूस-तपकिरी थर दिसू लागतो. अर्ध्या तासाने दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर धरल्या तर खिळा असलेल्या नळीतील निळा रंग उतरलेला दिसतो. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पुस्तकात द्रावण फिकट हिरवे होते असे लिहिलेले असते, म्हणून जवळजवळ प्रत्येक प्रयोगवहीत तेच वाक्य उतरते, मात्र तासाच्या ३५ मिनिटांत बहुधा केवळ निळेपणा कमी झालेला दिसतो. द्रावण दाट असेल तर हिरवी छटा यायला बराच अधिक वेळ लागतो, आणि नळी दुसऱ्या दिवसापर्यंत उघडी राहिली तर तयार झालेल्या फेरस सल्फेट या लोहाच्या संयुगाचे हवेतील ऑक्सिजनमुळे पुढे ऑक्सिडीकरण होऊन द्रावण पिवळसर-तपकिरी दिसू लागते. विद्यार्थ्याने जे दिसले तेच लिहावे. निळा रंग फिकट झाला, हिरवा झाला नाही, असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे निरीक्षण चुकलेले नाही, आणि अशा नोंदीला लाल रेघ मारणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

आता हे शब्दांत मांडावे: लोह आणि कॉपर सल्फेट यांच्यापासून फेरस सल्फेट आणि तांबे तयार झाले. ही शाब्दिक पायरी वगळू नये. तिच्यात डावीकडची अभिक्रियाकारके कोणती आणि उजवीकडची उत्पादिते कोणती हे ठरते, आणि जे दिसले त्याचा या प्रत्येक नावाशी मेळ घालता येतो. तांबूस थर म्हणजे तांबे, फिकट झालेला निळा रंग म्हणजे कमी झालेले कॉपर सल्फेट. हिरवट छटा दिसलीच तर ती फेरस सल्फेटची.

त्यानंतर कणांच्या पातळीवर काय घडले ते पाहावे. मोरचुदाच्या द्रावणाचा निळा रंग पाण्याच्या रेणूंनी वेढलेल्या तांब्याच्या धन आयनांमुळे असतो. लोहाचा प्रत्येक अणू २ इलेक्ट्रॉन देतो आणि आयन होऊन द्रावणात जातो, तर तांब्याचा आयन तेच २ इलेक्ट्रॉन घेतो आणि अणू होऊन खिळ्यावर बसतो. सल्फेट आयन या सगळ्यात काहीच करत नाही, तो सुरुवातीला द्रावणात होता आणि शेवटीही तेथेच असतो. हे एकदा लक्षात आले की विस्थापन हा शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही, आणि याच अभिक्रियेत लोहाचे ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन देणे) व तांब्याच्या आयनाचे क्षपण (इलेक्ट्रॉन घेणे) झाले हेही आपोआप समजते. ५६ ग्रॅम लोह विरघळते तेव्हा सुमारे ६३.५ ग्रॅम तांबे बाहेर पडते, त्यामुळे बसलेला थर गळून पडला नाही तर खिळा मुळापेक्षा किंचित जड व्हायला हवा. हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. खिळा झिजतो म्हणून हलका होईल असे उत्तर हमखास येते आणि त्यातून चांगली चर्चा उभी राहते.

याच बैठकीत उलट प्रयोगही करावा. फेरस सल्फेटच्या द्रावणात तांब्याची स्वच्छ तार सोडली तर काहीही घडत नाही. काहीही न घडणे हेही निरीक्षणच आहे आणि क्रियाशीलता श्रेणी, म्हणजे धातूंचा क्रियाशीलतेनुसार लावलेला क्रम, मुळात अशाच निरीक्षणांवर उभी आहे. लोह तांब्याला त्याच्या क्षाराच्या द्रावणातून बाहेर काढते, तांबे लोहाला काढू शकत नाही, पण तेच तांबे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून चांदी बाहेर काढते. या तीन वाक्यांवरून लोह, तांबे आणि चांदी यांचा क्रम विद्यार्थी स्वतः लावू शकतो.

निरीक्षण वेगळे, अनुमान वेगळे

प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान असे दोन रकाने असतात आणि दोहोंत बहुतेकदा एकच गोष्ट लिहिलेली आढळते. जस्ताच्या तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर हायड्रोजन वायू बाहेर पडला, हे निरीक्षण नाही. हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही. धातूच्या पृष्ठभागावरून रंगहीन वायूचे बुडबुडे वेगाने आले, नळीचा तळ हाताला कोमट लागला, तोंडाशी जळती काडी नेताच फट् असा आवाज होऊन वायू पेटला, ही निरीक्षणे. त्यावरून तो वायू हायड्रोजन असावा हे अनुमान. नाक, कान, डोळे आणि हात यांना जे कळले ते एका बाजूला आणि मनाने जे ठरवले ते दुसऱ्या बाजूला, एवढी एक सवय लागली की शास्त्रीय कारणे लिहा या प्रश्नाची अर्धी तयारी झालेली असते.

त्यासाठी उत्पादिते ओळखण्याच्या थोड्या कसोट्या जवळ असाव्या लागतात. विझत आलेली, टोकाशी निखारा असलेली काडी पुन्हा पेटली तर ऑक्सिजन. ओला तांबडा लिटमस निळा झाला तर अमोनिया. आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये बुडवलेला नारिंगी कागद हिरवा झाला तर सल्फर डायऑक्साइड. पांढरे निर्जल कॉपर सल्फेट निळे झाले तर पाणी. कार्बन डायऑक्साइडसाठी चुन्याची निवळी वापरतात आणि ती दुधाळ होते हे सर्वांना माहीत असते, मात्र त्यापुढचा भाग फार थोडे विद्यार्थी पाहतात. दुधाळपणा हा कॅल्शियम कार्बोनेटच्या न विरघळणाऱ्या बारीक कणांचा असतो, आणि वायू तसाच सोडत राहिले तर त्याचे पाण्यात विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट बनून निवळी पुन्हा नितळ होते. प्रयोग फसला असे वाटून अनेकदा नळी ओतून दिली जाते. खरे तर त्या क्षणी एकापाठोपाठ एक अशा दोन अभिक्रिया समोर घडलेल्या असतात, आणि ते नितळ द्रावण तापवले तर तिसरीही पाहायला मिळते, कारण बायकार्बोनेटचे अपघटन होऊन निवळी परत दुधाळ दिसू लागते.

समीकरण संतुलित करणे

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ अँतवान लव्हाझिए यांनी १८व्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पात्रांतील पदार्थांची अचूक वजने करून रासायनिक बदलात एकूण वस्तुमान बदलत नाही हे दाखवून दिले. समीकरणाचे संतुलन म्हणजे हाच नियम अणूंच्या मोजणीत लिहिणे, त्यापलीकडे त्यात काही नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे अंक जुळवणे हा खेळ न समजता, डावीकडचा प्रत्येक अणू उजवीकडे कुठे गेला याचा हिशेब समजावा.

पहिला नियम असा की रेणुसूत्राच्या आतील पादांकाला कधीही हात लावायचा नाही, फक्त रेणुसूत्राच्या आधीचा सहगुणक बदलायचा. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. संतुलनासाठी ऑक्सिजन कमी पडतो म्हणून त्याचा पादांक २ केला, तर तो पदार्थ पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतो, आणि जखम धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे ते द्रव्य आणि पिण्याचे पाणी यांतला फरक सांगण्याची गरज नाही.

उदाहरण म्हणून घरच्या गॅसचे ज्वलन घेऊ. सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन हे दोन हायड्रोकार्बन असतात. प्रोपेनच्या रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात, आणि पुरेशा हवेत तो जळाला की कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बनते. प्रथम कार्बन मोजावा. डावीकडे ३ आहेत, म्हणून उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू हवेत. मग हायड्रोजन: डावीकडे ८, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत २, म्हणून पाण्याचे ४ रेणू. ऑक्सिजन मुद्दाम शेवटी ठेवावा, कारण तो डावीकडे एकटा, मूलद्रव्याच्या रूपात आहे आणि त्याचा सहगुणक बदलल्याने दुसरे काही बिघडत नाही. उजवीकडे आता ऑक्सिजनचे ६ अधिक ४, म्हणजे १० अणू झाले, तेव्हा डावीकडे ऑक्सिजनचे ५ रेणू लिहिले की काम संपले. पडताळा वजनाने घ्यावा: प्रोपेन ४४ ग्रॅम आणि ऑक्सिजन १६० ग्रॅम मिळून २०४ ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड १३२ ग्रॅम आणि पाणी ७२ ग्रॅम मिळूनही २०४ ग्रॅम.

ब्यूटेनच्या रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात, आणि त्याच पद्धतीने गेल्यास उजवीकडे ऑक्सिजनचे १३ अणू येतात. १३ विषम असल्यामुळे येथे अनेक जण अडकतात आणि खोडाखोड सुरू होते. अशा वेळी बिनधास्त साडेसहा रेणू लिहावेत आणि मग संपूर्ण समीकरणाला २ ने गुणावे. ब्यूटेनचे २, ऑक्सिजनचे १३, कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे १० रेणू असे उत्तर मिळते. अपूर्णांक हा मधला टप्पा म्हणून वापरण्यात काहीच चूक नाही.

सल्फेट, नायट्रेट यांसारखे मूलक दोन्ही बाजूंना अखंड राहत असेल तर त्यातील गंधक आणि ऑक्सिजन सुटे सुटे मोजू नयेत, संपूर्ण मूलकच एक घटक म्हणून मोजावे. ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्या उदासिनीकरणात हायड्रॉक्साइडचे २ आणि आम्लाचे ३ रेणू लागतात, ॲल्युमिनिअम सल्फेटचा १ आणि पाण्याचे ६ रेणू मिळतात, हे या पद्धतीने दोन ओळींत सुटते. अणू सुटे मोजत बसल्यास पानभर आकडेमोड होते. समीकरण पूर्ण झाल्यावर स्थायू, द्रव, वायू आणि जलीय या भौतिक अवस्था कंसात लिहायला विसरू नये. त्या लिहिताना आपण पुन्हा एकदा परीक्षानळीकडे मनाने वळून पाहतो, हा त्यांचा खरा उपयोग आहे.

वस्तुमान अक्षय्यतेचा नियम घरी पडताळून पाहण्यासाठी बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खाण्याचा सोडा आणि फुगा बाटलीच्या तोंडावर, असा प्रयोग हल्ली खूप केला जातो. त्यात फुगा फुगल्यावर डिजिटल काट्यावर वजन किंचित कमी भरते आणि मुले गोंधळतात. वायू निसटला नसला तरी असे होते, कारण फुगलेला फुगा बाजूची हवा दूर सारतो आणि एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम असते, तेवढे उद्धारक बल फुग्याला वर उचलते. नियम तपासायचा तर आकारमान न बदलणारी अभिक्रिया घ्यावी. बंद शंकुपात्रात सोडियम सल्फेटचे द्रावण आणि आत दोऱ्याने टांगलेल्या छोट्या नळीत बेरियम क्लोराइडचे द्रावण ठेवून, वजन करून, मग पात्र तिरके करून दोन्ही मिसळावीत; पांढरा अवक्षेप (न विरघळणारा गाळ) तयार होतो आणि वजन तेवढेच राहते. बेरियमची विरघळणारी संयुगे विषारी असल्याने हा प्रयोग मात्र शाळेच्या प्रयोगशाळेतच, शिक्षकांच्या समोर करावा.

प्रकारांची नावे

संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन या चार प्रकारांवर विद्यार्थी अवाजवी वेळ घालवतात. दोन किंवा अधिक पदार्थांपासून एकच उत्पादित मिळाले तर संयोग, एकाचे अनेक झाले तर अपघटन, मूलद्रव्याने संयुगातील मूलद्रव्याची जागा घेतली तर विस्थापन, आणि दोन संयुगांतील आयनांची अदलाबदल झाली तर दुहेरी विस्थापन, एवढे पुरे. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. ऑक्सिडीकरण-क्षपण, म्हणजेच रेडॉक्स, हा पाचवा कप्पा नाही. मॅग्नेशियमची फीत हवेत जळते तेव्हा ती संयोग अभिक्रिया असते आणि रेडॉक्सही असते. खिळ्याची अभिक्रिया विस्थापनही आहे आणि रेडॉक्सही. रेल्वेचे रूळ जोडण्यासाठी वापरली जाणारी थर्मिट अभिक्रिया, ज्यात ॲल्युमिनिअम हे आयर्न ऑक्साइडमधील ऑक्सिजन घेते आणि वितळलेले लोखंड बाहेर पडते, ती विस्थापन, रेडॉक्स आणि उष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) या तिन्ही नावांना पात्र आहे. प्रश्नात जे विचारले असेल त्या बाजूने अभिक्रियेकडे पाहावे.

अपघटनाचे सर्वांत मोठ्या प्रमाणावर घडणारे उदाहरण चुन्याच्या भट्टीत सापडते. चुनखडक, किंवा कोकणात पूर्वी भाजत असत ते शिंपले, सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमधून ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की संयोग होऊन प्रचंड उष्णता बाहेर पडते. हा विरलेला चुना भिंतीला दिला की तो हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन दोन-तीन दिवसांत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि भिंत उजळ दिसू लागते. खडकापासून निघून खडकापर्यंत परत येणारी ही तीन समीकरणे एकाखाली एक लिहावीत. सुटी तीन समीकरणे लक्षात ठेवण्यापेक्षा ही साखळी कितीतरी सोपी जाते.

उष्णता आणि वेग

उष्मादायी अभिक्रियांची उदाहरणे सर्वत्र असतात, उष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषून घेणाऱ्या, मात्र पाहायला मिळत नाहीत अशी तक्रार असते. एका वाटीत व्हिनेगर घेऊन त्याचे तापमान नोंदवावे आणि त्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालावा. फसफस सुरू असतानाच तापमान काही अंशांनी उतरते आणि वाटी हाताला गार लागते. तापमापी नसली तरी बोटांना फरक कळतो.

अभिक्रियेचा वेग अभिक्रियाकारकांचे स्वरूप, कणांचा आकार, संहती (द्रावणाची तीव्रता), तापमान आणि उत्प्रेरक यांवर अवलंबून असतो, ही यादी पाठ करण्याआधी शहाबादी फरशीचा एक खडा आणि तेवढ्याच वजनाचा तिचा चुरा दोन नळ्यांत घेऊन दोहोंत सारखेच विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे. शहाबादी फरशी हा चुनखडकच असल्याने दोन्हींत कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, पण चुऱ्याच्या नळीत फेस तोंडापर्यंत चढतो आणि खड्याच्या नळीत बुडबुडे रेंगाळत येत राहतात. अभिक्रिया होण्यासाठी कणांची परस्परांशी पुरेशा ऊर्जेनिशी टक्कर व्हावी लागते, आणि चुरा केल्याने आम्लाला उघडा पडलेला पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. संहती वाढवली की टकरींची संख्या वाढते, तापमान वाढवले की त्यांतील पुरेशा जोराच्या टकरींचे प्रमाण वाढते, आणि उत्प्रेरक कमी ऊर्जेत पार पडेल असा वेगळा मार्ग उपलब्ध करून देतो. यादीतील बहुतेक मुद्दे असे एकाच कल्पनेतून निघतात.

सुरक्षितता

घरी आणि शाळेत काही बंधने पाळलीच पाहिजेत, त्यांत तडजोड नको. आम्ल विरल करताना नेहमी पाण्यात आम्ल थोडे थोडे, ढवळत घालावे; आम्लात पाणी ओतल्यास उष्णतेने ते उसळून अंगावर उडते. परीक्षानळी तापवताना तिचे तोंड स्वतःकडे किंवा शेजाऱ्याकडे नसावे. फेरस सल्फेटचे हिरवे स्फटिक तापवल्यावर ते आधी पाणी गमावून पांढुरके आणि मग तांबूस-तपकिरी होतात, त्या वेळी निघणारे सल्फरचे ऑक्साइड श्वासमार्गाला झोंबतात, म्हणून वास घ्यायचाच तर हाताने थोडी हवा नाकाकडे सारून घ्यावा. जळत्या मॅग्नेशियमकडे थेट पाहू नये. घरातील शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर किंवा द्रवरूप ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. पालकांनीही ही गोष्ट लक्षात ठेवावी. मोरचूद विषारी असल्याने त्याचे द्रावण स्वयंपाकाच्या भांड्यांत कधीही घेऊ नये.

सराव आणि उत्तरलेखन

शास्त्रीय कारणाच्या उत्तरात काय घडते, त्याचे समीकरण आणि म्हणून काय करतात, हे तिन्ही भाग यावेत. सिल्व्हर क्लोराइड गडद रंगाच्या बाटलीत का ठेवतात, या प्रश्नाला ते प्रकाशाने खराब होते एवढे उत्तर अपुरे आहे. सूर्यप्रकाशात सिल्व्हर क्लोराइडचे अपघटन होऊन चांदी आणि क्लोरीन तयार होतात, त्यामुळे पांढरा पदार्थ करडा पडतो, याचे संतुलित समीकरण द्यावे, आणि गडद काच प्रकाश अडवते म्हणून अपघटन टळते असे लिहून उत्तर पुरे करावे. लोखंड गंजण्याच्या उत्तरात पाणी आणि ऑक्सिजन हे दोन्ही लागतात हे आवर्जून लिहावे. उकळून हवा काढलेल्या आणि वर तेलाचा थर दिलेल्या पाण्यात खिळा गंजत नाही, आणि निर्जल कॅल्शियम क्लोराइड घालून कोरड्या केलेल्या हवेतही गंजत नाही, हा पुरावा एका वाक्यात जोडता येतो.

रोजच्या सरावासाठी समीकरणांची फक्त डावी बाजू एका कागदावर लिहून ठेवावी आणि उजवी बाजू न पाहता पूर्ण करावी. चुकलेली समीकरणे वेगळी काढून दोन-चार दिवसांनी पुन्हा सोडवावीत. एखाद्या जोडीचे उत्पादित आठवत नसेल तर आठवत बसू नये, ते शोधून काढावे. दोन क्षारांची द्रावणे दिली असतील तर आयनांची अदलाबदल करून दोन नवी संयुगे लिहावीत आणि त्यांपैकी एखादे पाण्यात न विरघळणारे आहे का, किंवा वायू अथवा पाणी तयार होते का, ते पाहावे. सोडियम क्लोराइड आणि सिल्व्हर नायट्रेट दिले असता सिल्व्हर क्लोराइड विरघळत नाही, म्हणून पांढरा अवक्षेप मिळतो. सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम नायट्रेट दिले असता मात्र अदलाबदल करून मिळणारी सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइड ही दोन्ही संयुगे पाण्यात विरघळतात, चारही आयन द्रावणात तसेच मिसळून राहतात, आणि तेथे अभिक्रिया होत नाही असे कारणासह लिहिणे हेच पूर्ण उत्तर असते.